घरच्या अंगणात बनणारी शर्यतीची पिकअप गाडी



आपल्या शाळेच्या पत्रिकेत मी दर वेळी अभ्यास, शिस्त, परीक्षा यांवर लिहितो. या वेळी विषय वेगळा आहे आणि तो एका पालकामुळे सुचला.

दिवाळीच्या सुट्टीत एक पालक माझ्या घरी आले. कडोदऱ्याच्या मिलमधून कापडाच्या गाठी पोहोचवण्याचा त्यांचा धंदा. त्यासाठी त्यांच्याकडे एक जुनी पिकअप गाडी आहे. त्यांचा अकरावीतला मुलगा आपलाच माजी विद्यार्थी. मोबाइलवर अमेरिकेतील मुलांचे व्हिडिओ बघून त्याने ठरवले, की आपली पिकअप शर्यतीची करायची. वडील चार दिवस गावी, अमळनेरला, लग्नाला गेले आणि इकडे मुलाने अंगणात गाडी खोलून ठेवली. वडील मला म्हणाले, "सर, पंधरा दिवस झाले, धंदा बंद आहे. तुम्ही त्याला चांगला दम द्या."

दम देण्याच्याच तयारीने मी गेलो. पण अंगणात पाहिले तर वर्तमानपत्रावर नट-बोल्ट ओळीने मांडलेले, प्रत्येकाजवळ खडूने नंबर घातलेला आणि वहीत प्रत्येक भागाचे चित्र काढलेले. याच मुलाची विज्ञानाची वही दहावीत मी अपूर्ण म्हणून परत केली होती. माझ्या तोंडून रागाचा शब्द निघाला नाही. त्याने मला विचारले, "सर, इंजिन मोठे बसवले की गाडी पळेलच ना?" मला उत्तर देता आले नाही. नंतर महिनाभर मी वाचले, गॅरेजवाल्यांना विचारले. जे समजले ते इथे लिहितो. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे भाषेला कुठे हिंदी वळण आले तर सांभाळून घ्यावे. घर्षण, त्वरण, जडत्व हे शब्द मात्र दोन्ही भाषांत सारखेच आहेत, एवढा माझा फायदा.

ड्रॅग रेस म्हणजे काय?

आपल्यापैकी बरेच जण खानदेशातले. शंकरपट आपल्याला नवा नाही. सरळ धावपट्टी, जोडीने धावणारे बैल आणि सेकंदांचा हिशोब. ड्रॅग रेस हा मोटारींचा शंकरपटच समजा. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात. समोर दिव्यांचा खांब असतो. पिवळे दिवे लागतात, मग हिरवा लागला की निघायचे. हिरव्याआधी निघाले तर लाल दिवा लागतो आणि गाडी बाद होते. अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. वळण नाही, ओव्हरटेक नाही. थांबलेल्या अवस्थेतून ४०२ मीटर कोण आधी गाठतो, एवढाच प्रश्न.

हा खेळ अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात वाढला. तिथली मुले कोरड्या तलावांच्या सपाट पात्रात गाड्या पळवत. दुसऱ्या महायुद्धानंतर हा नाद वाढला आणि सार्वजनिक रस्त्यांवर शर्यती लागू लागल्या. अपघात झाले, पोलिसांचा त्रास सुरू झाला. तेव्हा काही समजूतदार लोकांनी ठरवले, की मुलांचा नाद मोडण्यापेक्षा त्यांना जागा देऊ. १९५० साली सांता आना येथे विमानतळाच्या धावपट्टीवर रीतसर शर्यती सुरू झाल्या. १९५१ साली वॉली पार्क्स यांनी 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' ही संस्था स्थापन केली. गाडीची तपासणी, हेल्मेट, पट्टा, अग्निशामक नळकांडे यांचे नियम केले. म्हणजे या खेळाची संघटना मुळात मुलांना रस्त्यावरून उचलून सुरक्षित जागी नेण्यासाठी उभी राहिली. ही गोष्ट व्हिडिओत कोणी सांगत नाही.

आपल्या देशातही २०१० नंतरच्या दशकात लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या हवाई धावपट्टीवर 'व्हॅली रन' नावाने अशा शर्यती झाल्या. तिथेही आधी तपासणी, मगच शर्यत.

पिकअपच का?

अमेरिकेत पिकअप ही शेतकऱ्याची, सुताराची, गवंड्याची गाडी. जुनी झाली की स्वस्तात मिळते. पुढे बोनेटखाली मोठी जागा असते, त्यामुळे मोठे इंजिन मावते. खाली मजबूत चेसिस असते, त्यावर वेल्डिंग करणे सोपे. म्हणून तिथले हौशी लोक छोट्या पिकअपमध्ये आठ सिलिंडरचे इंजिन बसवतात. सोमवार ते शुक्रवार तीच गाडी कामावर न्यायची आणि रविवारी धावपट्टीवर. त्यांच्याकडे याला 'स्ट्रीट अँड स्ट्रिप' म्हणतात. रस्त्याचीही आणि धावपट्टीचीही, असा त्याचा अर्थ.

पण पिकअपमध्ये एक मोठा दोष आहे. ती माल भरण्यासाठी बनलेली असते. हौदा रिकामा असला की मागची बाजू हलकी होते. आणि इंजिनाचा जोर जातो मागच्याच चाकांवर. पावसाळ्यात रिकामी पिकअप चिखलात जागेवरच चाके फिरवत राहते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. दोन पोती मागे टाकली की ती निघते. या एका अनुभवात या विषयाचे सगळे विज्ञान आहे.

इंजिन मोठे केले की झाले का?

आता नववी-दहावीच्या मुलांनी वही घ्यावी.

चाक रस्त्याला जेवढे मागे ढकलू शकते, तेवढीच गाडी पुढे जाते. ही ढकल घर्षणावर अवलंबून असते. घर्षणबल म्हणजे घर्षणांक गुणिले त्या चाकांवरचा भार. कोरड्या चांगल्या रस्त्यावर घर्षणांक सुमारे ०.८ धरू. रिकाम्या पिकअपच्या एकूण वजनापैकी साधारण ४० टक्के मागच्या चाकांवर असते असे मानू. मग जास्तीत जास्त त्वरण किती?

०.८ × ०.४ × ९.८ = सुमारे ३.१ मीटर प्रति सेकंद वर्ग.

गाडीचे वजन दोन्ही बाजूंनी कटले, हे लक्षात घ्या. आता अंतराचे सूत्र: अंतर = अर्धा × त्वरण × वेळेचा वर्ग. ४०२ मीटरसाठी वेळ येतो सुमारे १६ सेकंद. या हिशोबात इंजिनाची शक्ती कुठेच आली नाही! म्हणजे शंभर अश्वशक्ती असो की हजार, मागची चाके जागेवर फिरू लागली की १६ सेकंदांच्या आत गाडी पोहोचणार नाही. उरलेली शक्ती टायर जाळण्यात जाते. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर हे असे साध्या गणितात आहे.

मागचा भार ६० टक्के केला तर त्वरण ४.७ होते आणि वेळ १३ सेकंदांवर येतो. त्यावर शर्यतीचे मऊ, चिकट टायर लावून घर्षणांक १.२ केला तर वेळ ११ सेकंदांच्याही खाली जातो. हा हिशोब ढोबळ आहे. हवेचा विरोध यात धरलेला नाही. शिवाय निघताना गाडी मागे बसते आणि थोडा भार आपोआप मागे सरकतो. तोही धरलेला नाही. पण दिशा समजायला एवढे पुरे.

म्हणून जाणकार लोक आधी भार मागे नेतात. बॅटरी बोनेटखालून काढून हौद्यात बसवतात, डिझेल-पेट्रोलची टाकी मागे नेतात. नुसती वाळूची पोती टाकली तर पकड वाढते, पण गाडीचे वजनही वाढते. जागा बदलली तर वजन तेवढेच राहून पकड वाढते. हा फरक मुलांनी नीट समजून घ्यावा.

अति केले तर काय होते, त्याचेही उदाहरण आहे. १९६५ साली अमेरिकेत डॉज कंपनीच्या छोट्या पिकअपमध्ये सुमारे ७ लिटरचे प्रचंड इंजिन केबिनच्या मागे, हौद्याकडे बसवले गेले. 'लिटल रेड वॅगन' हे तिचे नाव. भार इतका मागे गेला की निघताना पुढची चाके हवेत उचलली जात आणि गाडी मागच्या दोन चाकांवर धावे. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ती गाडी पुढे तमाशाची गाडी म्हणून गाजली. पण पुढची चाके हवेत असतील तर स्टेअरिंग कशाच्या भरवशावर, याचा विचार करा.

कामाचा खरा क्रम

गॅरेजवाल्या आपल्या एका पालकांनी मला एक वाक्य सांगितले, ते लक्षात राहिले: "सर, गाडीत एक भाग मजबूत केला की त्याच्या पुढचा तुटतो." इंजिनाचा जोर क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, क्राउन आणि ॲक्सल या वाटेने चाकापर्यंत जातो. ही साखळी आहे. इंजिन दुप्पट केले आणि बाकी तसेच ठेवले, तर सगळ्यात कच्ची कडी तुटणारच. धावत्या गाडीत शाफ्ट तुटून जमिनीत रुतला तर गाडी उलटू शकते. म्हणून शर्यतीच्या गाडीत शाफ्टभोवती लोखंडी कडे बसवतात.

मागच्या पाट्यांचेही तसेच. पिकअपचे पाटे वजन पेलण्यासाठी असतात. एकदम जोर आला की ॲक्सल पिळला जातो, पाटे वळतात आणि चाके उड्या मारू लागतात. ते थांबवण्यासाठी ॲक्सल आणि चेसिस यांच्यामध्ये पट्ट्या लावतात.

तेव्हा क्रम असा असतो: आधी चेसिसची तपासणी आणि गंज काढणे, मग ब्रेक, मग पाटे आणि टायर, मग क्लच-गिअर-ॲक्सल आणि सर्वांत शेवटी इंजिन. व्हिडिओत इंजिन पहिले दिसते, कारण त्याचा आवाज होतो. ब्रेकचा आवाज होत नाही.

ब्रेक आधी का, याचाही हिशोब करू. ताशी ६० किलोमीटर वेगाला, घर्षणांक ०.७ धरला तर, ब्रेक लागल्यावर गाडी सुमारे २० मीटर पुढे जाते. ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा एक सेकंद धरला तर आणखी १७ मीटर. एकूण ३७. वेग दुप्पट, म्हणजे १२० केला तर ब्रेकचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते: सुमारे ८१ मीटर आणि वर ३३ मीटर. एकूण ११४ मीटर, म्हणजे फुटबॉलच्या मैदानापेक्षाही जास्त. म्हणून शर्यतीच्या पट्टीला शेवटच्या रेषेपुढेही थांबण्यासाठी लांबच लांब मोकळी जागा ठेवतात. २००८ साली अमेरिकेत एका नामवंत चालकाचा मृत्यू झाल्यावर सर्वांत वेगवान गाड्यांचे अंतर कमी करून १००० फूट, म्हणजे ३०५ मीटर केले गेले. जिथे सगळी व्यवस्था आहे, तिथलीही ही गोष्ट. आपल्या हायवेच्या सर्व्हिस रोडवर शेवटच्या रेषेपुढे काय असते? उसाचा ट्रॅक्टर, चहाची लारी, पाळी सुटून घरी निघालेला कामगार.

देवराष्ट्रेचे उदाहरण

घरी गाडी बनवणारे फक्त अमेरिकेतच आहेत असे नाही. आपल्या गुजरातेत सौराष्ट्राकडे बुलेट मोटारसायकलचा पुढचा भाग आणि मागे लाकडी-लोखंडी हौदा जोडून 'छकडो' बनला आणि त्याने गावोगावची वाहतूक केली. महाराष्ट्रात सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेसाठी भंगारातून आणि दुचाकीच्या भागांतून जीपसारखी छोटी चारचाकी घडवली. खर्च सुमारे ६० हजार रुपये. गाडी किक मारून चालू होते. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर पसरला. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी कौतुक केले आणि त्या गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला ती मिळाली.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. ही गाडी नियमांत बसत नाही आणि अधिकारी आज ना उद्या ती अडवतील, असे महिंद्रा यांनीही त्याच वेळी लिहिले होते. म्हणजे कौशल्याला सलाम, पण रस्त्यासाठी नियमातली गाडी. मला हा निवाडा योग्य वाटतो.

कायदा काय म्हणतो?

मोटर वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकात नोंदलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. मंजूर सीएनजी किटसारखे मोजके अपवाद आहेत, तेही आरटीओच्या नोंदीनेच. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलासाठी ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावल्यास पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड आहे.

पालकांनी पुढचे दोनदा वाचावे. अठरा वर्षांखालील मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. आणि बदललेल्या गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. ज्या घराचा चुलाच पिकअपवर पेटतो, त्या घराचे काय होईल?

जुलै २०२३ मध्ये अहमदाबादच्या इस्कॉन पुलावर भरधाव मोटारीने नऊ जणांचा जीव घेतला. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातील मोटारीने दोन तरुण अभियंते गेले. त्या गाड्यांमध्ये शक्ती होती. नव्हता तो विवेक.

घरी काम करताना

ज्याला गाडी खोलून शिकायची आहे, त्याने एवढे पाळावे. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. चेसिसखाली भक्कम स्टँड लावावेत आणि चाकांना ठोकळे द्यावेत. काम सुरू करण्याआधी बॅटरीची तार काढावी. इंधनाच्या रिकाम्या टाकीजवळही वेल्डिंग करू नये. टाकी रिकामी दिसते, पण आत वाफ असते आणि तीच स्फोट करते. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये, कारण त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस कळायच्या आत बेशुद्ध होतो. आणि हे काम एकट्याने करू नये, जाणता मोठा माणूस जवळ असावा.

मग या नादाचे करायचे काय?

वाट आहे. दहावीनंतर आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पुढे डिप्लोमा आहे, पदवी आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी २००७ पासून 'बाहा एसएई इंडिया' ही स्पर्धा होते. त्यात विद्यार्थी स्वतः चेसिस आखतात, स्वतः वेल्डिंग करतात आणि खडबडीत वाटांवर चालणारी एक आसनी गाडी बनवून शर्यतीत उतरवतात. तिथे शर्यतीआधी ब्रेकची परीक्षा होते. चारही चाके एकदम थांबली नाहीत तर गाडी पुढे जाऊच देत नाहीत.

आता त्या मुलाचे सांगतो. आम्ही तिघे, तो, वडील आणि मी, अंगणातच बसलो. ठरले असे, की गाडी मूळ होती तशीच जोडायची आणि जोडणारही तोच, गॅरेजवाल्या काकांच्या देखरेखीखाली. नंबर घातलेले असल्यामुळे सहा दिवसांत गाडी उभी राहिली. जोडताना मागच्या ब्रेकचे लायनर पार झिजलेले सापडले. वडिलांना त्याचा पत्ता नव्हता. गाठी भरून ते रोज हायवेने तीच गाडी नेत होते. नवीन लायनर टाकले. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मुलाला म्हणाले, "चहा घे."

मुलगा आता सुट्टीच्या दिवशी गॅरेजवर जातो. शर्यतीच्या गाडीचे स्वप्न त्याने सोडलेले नाही, आणि मीही त्याला सोड म्हटलेले नाही. फक्त ते रस्त्यावर आणू नको एवढेच म्हटले.

माझ्याकडून एक चूक झाली होती, ती कबूल करतो. त्या मुलाची अपूर्ण वही मी पाहिली, पण त्याचे हात पाहिले नाहीत. म्हणून पुढच्या महिन्यापासून दर दुसऱ्या शनिवारी, शेवटच्या दोन तासिकांत, आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी प्रयोगशाळेत 'यंत्र ओळख' हा वर्ग सुरू करीत आहोत. गॅरेज, लूम, पंप, शिलाई मशीन यांचे काम जाणणाऱ्या पालकांनी येऊन शिकवावे ही विनंती. जुना कार्ब्युरेटर, क्लच प्लेट, बंद पडलेली मोटर असे काही घरी पडलेले असेल तर शाळेत द्यावे. मुले खोलतील आणि नंबर घालून पुन्हा जोडतील.

सर्वांना शुभेच्छा.

आपला,
मुख्याध्यापक